पिकअप ट्रकच्या कॅबचा गंजलेला तळ : दुरुस्ती

पुढे चालकाची बंदिस्त खोली (कॅब) आणि मागे माल ठेवण्यासाठी बुटक्या बाजूंची उघडी पेटी असलेल्या हलक्या मोटारवाहनाला पिकअप ट्रक म्हणतात. अशा जुन्या वाहनाच्या कॅबच्या तळाचा पोलादी पत्रा गंजून निकामी झाल्यावर खराब भाग कापून काढणे, त्या जागी नवा पत्रा वितळजोडाने (वेल्डिंगने) बसविणे व पुन्हा गंज चढू नये म्हणून त्याचे संरक्षण करणे, या सर्व कामांचा तळाच्या दुरुस्तीत समावेश होतो. वरवर पाहता हे किरकोळ पत्रेकाम वाटते. परंतु कॅब ज्या आधारांवर उभी असते ते आधार, आसन आणि आसनपट्टे हे सर्व या तळाशीच जखडलेले असतात. त्यामुळे तळाच्या दुरुस्तीवर वाहनाची सुरक्षितता अवलंबून असते. तळाला पडलेले भोक हे गंजाचे अखेरचे लक्षण होय; मूळ दोष बहुधा आत शिरणाऱ्या पाण्यात व न दिसणाऱ्या पोकळ भागांत असतो. हा दोष तसाच ठेवून केवळ भोक झाकले, तर दुरुस्ती फार काळ टिकत नाही.

इतिहास : पिकअप ट्रक हे मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शेती व लहान उद्योग यांच्या गरजेतून वाढलेले वाहन आहे. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये आपल्या ‘मॉडेल टी’ या गाडीवर कारखान्यातच मालपेटी बसवून ती विकण्यास सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर शेव्हरोलेची १९४७ मधील नवी मालिका व फोर्डची १९४८ ची ‘एफ’ मालिका पुढे आल्या. शेव्हरोलेचे १९६७–७२ या काळातील नमुने व त्याच काळातील फोर्डचा ‘एफ–१००’ हे ट्रक आज जुनी वाहने जतन करणाऱ्यांच्या विशेष आवडीचे आहेत. बांधणीच्या वेळी ही कष्टाची वाहने होती. त्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर नसे आणि पोकळ भागांच्या आतील बाजूस रंग पुरेसा पोहोचत नसे. ऋणाग्री विद्युत् निक्षेपणाने (रंगाच्या द्रावणात संपूर्ण कवच बुडवून विजेच्या साहाय्याने) अस्तर चढविण्याची पद्धत १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली. जस्तलेपित पत्र्याचा वापरही त्यानंतर वाढला. त्यापूर्वीच्या वाहनांचा तळ म्हणूनच अधिक गंजतो.

रचना : या ट्रकमध्ये एंजिन, मालपेटी व चाके यांचा भार एक लांब पोलादी सांगाडा वाहतो. कॅब त्या सांगाड्यावर रबरी गाद्यांमधून बोल्टांनी बसविलेली असते. असे आधार बहुधा चार असतात : दोन पुढे व दोन मागे. तळाचा पत्रा सुमारे १ ते १.२ मिमी. जाडीचा, कमी कार्बन असलेल्या मृदू पोलादाचा असतो. दाबयंत्राने त्यात उठावदार पन्हळी पाडलेल्या असतात. त्यांमुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो व वाहन चालताना तो थरथरत नाही. पुढच्या बाजूस पत्रा तिरपा चढत जाऊन एंजिन व कॅब यांमधील आडभिंतीला मिळतो. मध्यभागी दंतचक्रपेटीसाठी (गिअर बॉक्ससाठी) उंचवटा असतो. १९४७ च्या शेव्हरोले मालिकेसारख्या काही ट्रकांत हा भाग बोल्टांनी बसविलेला व सुटा काढता येण्याजोगा असे. दोन्ही कडांना तळ दारांच्या उंबरठ्याखालील पोकळ पेटीला जोडलेला असतो. तिला कारागीर ‘रॉकर’ म्हणतात. तळाच्या खालून आडव्या पन्हळपट्ट्या व आधारकंस ठिपका-वितळजोडांनी (स्पॉट वेल्डिंगने) बसविलेले असतात.

या रचनेत तळ, रॉकर व आधारकंस एकमेकांना ताठपणा देतात. दाराच्या चौकटीचा आकार कायम राहतो तो मुख्यतः रॉकरमुळे. तो कुजला की कॅब मध्यभागी किंचित खाली बसते, दाराच्या वरच्या व खालच्या फटी असमान होतात आणि दार उचलून लावावे लागते.

गंजण्याची कारणे : लोखंड गंजणे ही विद्युत् रासायनिक क्रिया आहे [→ गंजणे]. ओल्या पत्र्याच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म विद्युत् घट तयार होतात. त्यांच्या धनाग्राच्या ठिकाणी लोखंडाचे आयन पाण्यात उतरतात आणि ऋणाग्राच्या ठिकाणी ऑक्सिजन व पाणी यांपासून हायड्रॉक्सिल आयन बनतात. दोहोंच्या संयोगातून शेवटी जलयुक्त लोह ऑक्साइड, म्हणजेच तांबूस तपकिरी गंज निर्माण होतो. पाण्यात मीठ विरघळलेले असेल, तर त्याची विद्युत् संवाहकता वाढून क्रियेला वेग येतो.

तळाच्या बाबतीत या क्रियेला तीन गोष्टी विशेष पोषक ठरतात. पहिली म्हणजे साचलेली ओल. या ट्रकांत तळावर रबरी चटई व तिच्याखाली तागाची किंवा नमद्याची गादी असे. एकदा भिजलेली गादी रबराखाली कित्येक आठवडे वाळत नाही. चटई वरून कोरडी दिसत असताना पत्रा मात्र ओल्या फडक्याखाली असल्यासारखा राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे फटी. दोन पत्रे एकावर एक ठेवून ठिपक्यांनी जोडले असता मधल्या अरुंद फटीत पाणी शोषले जाते. फटीच्या आत ऑक्सिजन कमी व तोंडाशी अधिक पोहोचतो. ऑक्सिजन कमी असलेला भाग धनाग्र बनतो व झिजतो. त्यामुळे गंज नेमका न दिसणाऱ्या जागी सर्वांत खोल जातो. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने तो पत्रे एकमेकांपासून फाकवितो. फट रुंदावते व आणखी पाणी आत जाते. तिसरी गोष्ट म्हणजे मीठ. उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या प्रमाणावर मीठ टाकले जाऊ लागले. चाकांनी उडविलेला खारा चिखल रॉकरमध्ये व आधारकंसांवर साचतो, तर चालकाच्या बुटांना चिकटलेला बर्फ कॅबमध्ये वितळतो. याउलट ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यांतील ट्रकांचे तळ अनेक दशके शाबूत राहिलेले आढळतात; म्हणून तेथील जुन्या कॅबना मागणी असते.

पाणी आत येण्याच्या वाटा ठराविक असतात. समोरच्या काचेची कडक होऊन चिरलेली रबरी पट्टी, काचेखालील हवाझडपेच्या पन्हळीत साचलेला पालापाचोळा, दारांच्या झिजलेल्या रबरी कडा, तसेच क्लच व ब्रेक यांच्या दांड्यांभोवतीची फाटलेली आवरणे या त्यांतील प्रमुख होत. दाराच्या काचेवरून उतरणारे पाणी दाराच्या पोकळीत जाते व तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. ती छिद्रे धुळीने बुजल्यास ते कॅबमध्ये शिरते. कॅब गरम ठेवणाऱ्या उष्णकाच्या नळ्या झिरपल्यास एंजिन थंड ठेवणारे द्रावण चटईखाली उतरते. हे द्रावण तेलकट व गोडसर वासाचे असते, त्यावरून ते पावसाच्या पाण्यापासून वेगळे ओळखता येते.

तपासणी : प्रथम आसन, चटई व गादी पूर्णपणे काढून तळ खरवडून स्वच्छ करतात. हलक्या हातोडीने ठोकल्यावर शाबूत पत्र्याचा आवाज खणखणीत, तर कुजलेल्याचा बद्द येतो. संशयास्पद जागी टोच्या दाबून पाहतात. तो आत गेला किंवा पत्र्याचे पापुद्रे निघाले, तर तो भाग बाद समजतात. लोहचुंबक जेथे नीट चिकटत नाही तेथे रंगाखाली लांबी (पोकळी बुजविण्याचा लगदा) किंवा काचतंतूंचे ठिगळ असण्याचा संभव असतो. यानंतर वाहन भक्कम आधारांवर उचलून खालची बाजू पाहतात. आधारकंस, पन्हळपट्ट्या, रॉकरची खालची कड व कॅबचे मागील खालचे कोपरे ही पाहण्याची मुख्य ठिकाणे होत. कोपऱ्याच्या बाहेरील रंगाला आलेले फोड आतून आलेल्या गंजाचे निदर्शक असतात.

तपासणीअंती तळाची अवस्था चारपैकी एका प्रकारात बसविता येते. (१) पृष्ठभागावर गंज, पण पत्रा जाड व शाबूत : अशा वेळी घासून, उपचार करून रंग देणे पुरेसे असते. (२) मर्यादित जागी भोके : तेवढा भाग कापून तुकडा बसवितात. (३) पाय ठेवण्याची संपूर्ण जागा व तिची कड कुजलेली : तळाचा एका बाजूचा अर्धा भाग बदलतात. (४) तळाबरोबर रॉकर व आधारकंसही गेलेले : येथे काम पत्र्याचे न राहता कॅबच्या पुनर्बांधणीचे होते आणि दुसरी शाबूत कॅब मिळविणे अनेकदा अधिक श्रेयस्कर ठरते. खरवडल्यावर भोक मूळच्यापेक्षा बरेच मोठे निघते. म्हणून तळ स्वच्छ करण्यापूर्वी केलेला खर्चाचा अंदाज विश्वसनीय नसतो.

पूर्वतयारी : पत्रा कापण्यापूर्वी पाणी येण्याची वाट शोधून बंद करतात. त्यासाठी कॅबवर नळीने खालून वर अशा क्रमाने पाणी सोडतात व आतून एकजण पाहतो. वरून सुरुवात केल्यास ओघळ सर्वत्र पसरतो व गळतीची जागा कळत नाही.

इंधनटाकीसंबंधीची दक्षता सर्वांत महत्त्वाची आहे. १९७२ पर्यंतच्या शेव्हरोले व फोर्ड या दोन्हींच्या अनेक पिकअप ट्रकांत पेट्रोलची टाकी कॅबच्या आतच, आसनाच्या पाठीमागे बसविलेली असे. तळाच्या कामापूर्वी ही टाकी व तिच्या नळ्या वाहनातून काढून दूर ठेवाव्या लागतात. टाकी रिकामी करणे पुरेसे नसते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असले, की मिश्रण पेट घेऊ शकते; त्यामुळे तळाशी थोडे पेट्रोल उरलेली ‘रिकामी’ टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असते. विद्युत् घटमाला (बॅटरी) सोडवून ठेवतात आणि तळाखालून जाणाऱ्या तारा व ब्रेकच्या नळ्या बाजूला घेतात किंवा झाकतात.

रॉकर किंवा तळाची कड कापावयाची असल्यास दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या पोलादी नळ्यांचा तात्पुरता आधार जोडतात. त्याआधी दार लावून सर्व फटी मोजून ठेवतात. दोन्ही बाजू एकाच वेळी कापत नाहीत. एक बाजू पूर्ण जोडून झाल्यावर व दार बसवून फटी पुन्हा तपासल्यावरच दुसरी हाती घेतात. हा क्रम मोडल्यास कॅब वाकडी झालेल्या स्थितीतच जखडली जाते व तो दोष नंतर काढता येत नाही.

कापणे व नवा तुकडा : गंज संपून चकचकीत व पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापणे हा मूलभूत नियम आहे. गंजाने पातळ झालेल्या पत्र्याला वितळजोडाची उष्णता सोसत नाही. कमानीखाली तो वितळून भोक वाढत जाते. कापाचे कोपरे गोलाकार ठेवतात, कारण काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटून तडा जाऊ शकतो. आधारकंसावर जोडलेला भाग सोडविताना ठिपके सुमारे ८ मिमी. व्यासाच्या गिरमिटाने फक्त वरच्या पत्र्यापुरते कापतात. खालचा कंस शाबूत राहतो.

लोकप्रिय नमुन्यांसाठी मूळच्या पन्हळींसह दाबून तयार केलेले तळाचे भाग बाजारात मिळतात. इतरांसाठी पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याप्रमाणे १.२ मिमी. (१८ गेज) पत्रा कापतात व लाकडी ठोकळ्यावर हातोडीने किंवा पन्हळ पाडणाऱ्या यंत्राने त्यास आकार देतात. मूळ पन्हळी वगळून सपाट पत्रा बसविल्यास तो पायाखाली दबतो व चालताना ढोलासारखा वाजतो.

तुकडा दोन प्रकारे जोडता येतो. कडेला कड भिडवून केलेल्या जोडात सुमारे १ मिमी. फट ठेवतात, त्यात पाणी धरणारी घडी राहत नाही, परंतु कापकाम अचूक लागते. दुसऱ्या प्रकारात तुकड्याची कड मूळ पत्र्यावर २० ते २५ मिमी. चढवितात. हे काम सोपे व जोड ताठ असतो; मात्र गंजाला आवडणारी फट पुन्हा निर्माण होते. म्हणून ती दोन्ही बाजूंनी लवचिक लुकणाने (सीलरने) बंद करणे अपरिहार्य ठरते.

वितळजोड : पूर्वी हे काम ऑक्सि-ॲसिटिलीन ज्योतीने होई. ज्योतीची उष्णता विस्तृत भागात पसरत असल्याने पत्रा वेडावाकडा होण्याचा धोका जास्त असतो. त्यामुळे आता वायुरक्षित धातू-प्रज्योत पद्धती (मिग वेल्डिंग) सर्वसाधारणपणे वापरतात [→ वितळजोडकाम]. पातळ पत्र्यासाठी ०.६ मिमी. व्यासाची तार व तीन भाग आर्‌गॉन आणि एक भाग कार्बन डाय-ऑक्साइड असे वायुमिश्रण सोयीचे असते. जोडाच्या दोन्ही बाजूंचा रंग, गंज व वंगण पूर्णपणे काढावे लागते, अन्यथा जोडात वायूचे बुडबुडे राहतात.

जोड सलग रेषेत ओढत नाहीत. प्रथम सुमारे २५ मिमी. अंतराने टाके घालतात. मग एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक, नंतर मध्ये एक असे जागा बदलत मधली अंतरे भरत जातात आणि प्रत्येक वेळी पत्रा हात लावण्याजोगा थंड होऊ देतात. तापलेला पत्रा प्रसरण पावतो, पण भोवतीच्या थंड पत्र्याने अडविल्यामुळे तो फुगतो. निवताना जोड आकुंचन पावून त्यास पीळ पडतो. या कामात घाई केल्यास बाक आलाच असे समजावे. आधारकंसावरील जागी वरच्या पत्र्यात ६ ते ८ मिमी. ची भोके पाडून ती वितळलेल्या धातूने भरतात. मूळच्या ठिपका-वितळजोडांची जागा हे जोड घेतात. ते मूळच्या संख्येइतके असणे आवश्यक असते.

संरक्षण : कापून जोडणे हे अर्धेच काम होय. उरलेल्या शाबूत पत्र्याच्या खड्ड्यांतील गंज तारेच्या कुंचल्याने किंवा वाळूच्या माऱ्याने काढतात व फॉस्फोरिक अम्लयुक्त द्रावण लावतात. त्याने राहिलेल्या गंजाचे रूपांतर लोहाच्या फॉस्फेटात होते. हा उपाय पातळ थरापुरता उपयुक्त आहे. पापुद्रे सुटलेल्या जाड गंजात द्रावण खोल जात नाही. एकमेकांवर येणाऱ्या पृष्ठांना जोडण्याआधी जस्तयुक्त अस्तर लावतात. नंतर क्रमाने इपॉक्सी अस्तर, सर्व सांध्यांवर लुकण, वरचा रंग व खालच्या बाजूस दगडांचा मारा सोसणारा लेप देतात. रॉकर व पन्हळपट्ट्या यांच्या आतील बाजूला जोडकामानंतर रंग लावता येत नाही. वितळजोडाने आतील जुने अस्तर जळालेले असते. तेथे लांब नळीच्या फवाऱ्याने मेणयुक्त द्रव सोडतात. हे मेण फटींत झिरपते व मऊच राहते. पाणी निचरण्याची मूळ छिद्रे मोकळी ठेवणे अत्यावश्यक आहे. शेवटी तागाऐवजी पाणी न शोषणारी गादी घालणे हिताचे असते.

अयोग्य पद्धती : भोकावर पत्र्याचे ठिगळ रिबिटांनी मारणे, काचतंतू व रेझीन यांचा थर देणे किंवा डांबर फासणे हे उपाय स्वस्त म्हणून रूढ आहेत. काचतंतू गंजणाऱ्या पत्र्याला फार काळ चिकटून राहत नाही. डांबराखाली ओल कोंडून गंज वाढतच राहतो. वरून पृष्ठभाग मात्र अखंड दिसतो. अशा तळावर उभे असलेले आसन अपघाताच्या धक्क्याने मुळासकट उपटले जाऊ शकते. तळाची भोके उघडी राहिल्यास निष्कास वायू (एंजिनाचा धूर) कॅबमध्ये येतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वर्णहीन व गंधहीन असल्याने चालकाला गुंगी येईपर्यंत त्याची जाणीव होत नाही.

कामातील धोके : जस्तलेपित पत्रा किंवा जस्तयुक्त अस्तर यांवर वितळजोड करताना निघणाऱ्या धुराने काही तासांनी थंडीताप येतो, म्हणून जोडाच्या जागेचे जस्त घासून काढणे व वायुवीजन ठेवणे आवश्यक असते. दोन घटक मिसळून वापरावयाच्या काही रंगांत आयसोसायनेटे असतात. त्यांचा फवारा श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो व साध्या कापडी मुखपट्टीचा त्यापासून उपयोग होत नाही. ठिणग्या चटईच्या अवशेषांत, तारांच्या वेष्टनांत व लुकणात धुमसत राहतात. काम संपल्यावर निदान तासभर वाहनाजवळ पाण्यासह थांबून लक्ष ठेवावे लागते.

भारतातील स्थिती : अमेरिकी पिकअप ट्रक भारतात थोडेच आहेत, परंतु तळ गंजण्याची समस्या येथेही तीच आहे. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर रस्त्यावरील मिठाचे काम समुद्राचे खारे वारे करतात. पत्र्यावर बसलेले मीठ हवेतील आर्द्रता शोषून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही पृष्ठभाग ओलसर राहतो. महिंद्र कंपनीने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळणीस घेतलेल्या विलीज जीपचा तळही असाच पन्हळपट्ट्यांवर बसविलेला असून तिच्या मूळ आराखड्यात इंधनटाकी चालकाच्या आसनाखाली आहे. त्यामुळे टाकी काढण्याचा वर सांगितलेला नियम तिलाही तंतोतंत लागू पडतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय झाली. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे लागते व सांगाडा, कवच किंवा एंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. त्यामुळे तळ मूळ आकाराप्रमाणे व मूळ जोडांच्या जागी दुरुस्त करण्याला आता सुरक्षिततेखेरीज हेही एक कारण प्राप्त झाले आहे.